पाच खांब आणि एक डळमळता मास्तर

मी इतिहासाचा मास्तर. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात गेली सव्वीस वर्षं पोरांकडून सनावळ्या पाठ करून घेत त्यांचा इतिहासाशी असलेला उरलासुरला संबंध तोडण्याचं काम मी नेमानं करत आलोय. एवढ्या नोकरीनंतर माणसाला एक माज चढतो. कुठलाही विषय द्या, हातात खडू आला की आपल्याला तो येणारच, असं वाटायला लागतं. माझा हा माज २२ मार्च २०२५ रोजी, शनिवारी, सकाळच्या शाळेत उतरला. नेमकी वेळ मात्र सांगता येत नाही. त्या दिवशी माझ्यामागं भिंतीवर पाच घड्याळं होती, पाचही एकच वेळ दाखवत होती आणि ती चुकीची होती.

झालं होतं ते असं. दप्तराविना शनिवारी काय करायचं, यावर हेडसरांनी बैठक घेतली. म्हणाले, "या महिन्यात निरनिराळ्या धर्मांची ओळख. पण भाषण नको. तक्ते, मॉडेल, कृती. पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे." मग चिठ्ठ्या टाकल्या. गणिताच्या बाईंना जैन धर्म आला, पीटीच्या सरांना शीख, चित्रकलेच्या बाईंना बौद्ध. माझ्या चिठ्ठीत इस्लाम निघाला. हेडसर म्हणाले, "तुम्हाला काय अवघड? इतिहासवाले तुम्ही." मीही म्हणालो, "सोपंच आहे." एवढं बोलून मी एक बिस्कीट जास्तीचं उचललं.

रात्री जेवण झाल्यावर कोरा कागद घेऊन बसलो आणि त्यावर 'इस्लाम' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पुढं हात चालेना. हळूहळू लक्षात आलं, की माझा इस्लाम १५६५ साली तालिकोटच्या लढाईला सुरू होतो आणि १७०७ साली औरंगजेबाबरोबर संपतो. मधल्या काळात अफझलखान, शाहिस्तेखान, दिलेरखान अशी मंडळी येऊन जातात. म्हणजे मला ठाऊक होते ते सरदार, आणि तेही त्यांच्या पराभवाच्या तारखांसह. धर्माशी माझा दुसरा संबंध होता तो शेजारच्या चाचींच्या डब्यापुरता. दर ईदला आमच्याकडं शीरखुर्मा येतो आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून आमच्याकडून दिवाळीला चकल्या जातात. एका टोकाला औरंगजेब, दुसऱ्या टोकाला शीरखुर्मा. मधली चौदाशे वर्षं मोकळी.

यातली शरमेची गोष्ट अशी, की एम.ए.ला असताना मी पेशवेकालीन पत्रं वाचली होती. त्यांत तारखा असतात त्या 'छ'नं सुरू होणाऱ्या. छ म्हणजे चंद्र. अमुक चंद्र रबिलावल, तमुक चंद्र जिल्हेज. रमजान असतो, मोहरम असतो. ब्राह्मण कारकून ब्राह्मण पेशव्याला पत्र लिहितो आणि तारीख घालतो ती अरबी महिन्याची. मी या तारखा जंत्रीत बघून इंग्रजीत फिरवायला शिकलो आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवले. पण रमजान म्हणजे लोक नेमकं काय करतात, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आमच्या सातवीच्या वर्गात मुसलमान घरची तिघं आहेत. त्यांना आधी विचारावं, हे तेव्हा सुचायला हवं होतं. पण मास्तरानं पोरांना विचारायचं ते फक्त उत्तर आधीच माहीत असलेलं, असा आमच्या धंद्याचा दंडक. तज्ज्ञ तिसऱ्या बाकावर बसलेले असताना मी रात्री एकपर्यंत मोबाईलवर व्हिडिओ बघत होतो.

त्यातून पाच खांब सापडले. शहादा म्हणजे अल्लाहशिवाय दुसरा देव नाही आणि मुहंमद त्याचे प्रेषित, ही साक्ष. दिवसातून पाच वेळा नमाज. साठलेल्या धनातला ठरावीक वाटा गरजूंना, ती जकात. रमजानचे रोजे. आणि ऐपत व ताकद असलेल्यानं आयुष्यात एकदा करायची हजयात्रा. 'खांब' हा शब्द वाचला आणि माझ्यातला गवंडी जागा झाला. मॉडेल या प्रकाराचा मला एकच अनुभव, तो म्हणजे दिवाळीतला किल्ला. पण तो भरपूर. आमच्या गल्लीत माझ्या प्रतापगडाला सलग तीन वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालेलं आहे.

शुक्रवारी कापडाच्या दुकानातून ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणल्या. चार जाडजूड मिळाल्या आणि पाचवी बारीक. काब्यासाठी जवळजवळ घनाकृती खोका पाहिजे होता, तो मिक्सरचा निघाला. काबा या नावाशीच घनाचा अर्थ जोडलेला आहे, हे मी नुकतंच वाचलं होतं आणि ते घरात तीनदा सांगून झालं होतं. खऱ्या काब्याची उंची सुमारे १३ मीटर. त्याच्यावर काळ्या रेशमी वस्त्राचं आवरण असतं, त्याला किस्वा म्हणतात. त्याच्यावर सोनेरी जरीनं अक्षरं भरलेली असतात आणि ते दरवर्षी बदलतात. एके काळी हे वस्त्र इजिप्तहून वाजतगाजत यायचं, आता मक्केतच तयार होतं. आमच्या घरात काळं आणि जरीचं असं एकच वस्त्र होतं, ते म्हणजे बायकोची संक्रांतीची चंद्रकळा. ती माहेरी गेली होती. मी कपाट उघडलं.

तिथून निघालो तो चौकातल्या चाचांच्या गाड्यावर. त्यांच्याकडून मी वीस वर्षं केळी घेतोय. म्हणालो, "चाचा, दोन किलो खजूर द्या, चांगले. उद्या सकाळी वर्गात वाटायचेत. इस्लामची ओळख आहे."

चाचांनी तराजू धरला, जरा थांबले आणि म्हणाले, "सकाळी वाटणार, सर?"

"हो. साडेनऊला."

"बरं," म्हणाले. वर एक मूठ जादा घातली आणि पैसे काही केल्या घेईनात. त्यांचा नातू माझ्याच वर्गात आहे. 'सकाळी' या शब्दावर त्यांनी जो किंचित भार दिला होता तो कुठल्याही हुशार माणसाच्या ध्यानात आला असता. मी मात्र पिशवी हलवत, शीळ घालत घरी गेलो.

शनिवार उजाडला. वर्गातली बाकं बाजूला सारली, पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला एका खांबाचा तक्ता रंगवायला दिला. हेडसरांनी आधीच बजावलं होतं, "अल्लाहचं किंवा पैगंबरांचं चित्र कुणी काढायचं नाही. तेवढं सांभाळा." ते मी सगळ्यांत आधी सांगून टाकलं. शहादाच्या गटात वर्गातला सगळ्यात चांगला चित्रकार होता. त्यानं पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग काढू काय, सर?"

प्रश्न रास्त होता. दृश्य उपक्रमाचा पहिलाच तक्ता आणि दाखवण्यासारखं काही नाही. मी म्हणालो, "विचार करा." आपल्याला उत्तर येत नसलं की मी पोरांना हेच सांगतो. त्यानं खरोखर विचार केला आणि ती साक्ष मराठीत, पण अशी डौलदार वळणं देऊन लिहिली, की अक्षरंच वेलीसारखी दिसायला लागली. कडेला एकावर एक तिरपे ठेवलेले दोन चौकोन काढून आठ टोकांच्या चांदण्या भरल्या. "विजापूरला सहलीत बघितलं होतं," म्हणाला. मी आजवर वीस सहली विजापूरला नेल्यात. प्रत्येक वेळी पोरांना गोलघुमटात उभं करून सांगितलं, की घुमट सुमारे ४४ मीटर व्यासाचा, बांधला मुहंमद आदिलशहासाठी, आता टाळी वाजवा आणि घुमते का बघा. भिंतीवर मूर्ती नाहीत, माणसं नाहीत, मग तिथं काय आहे, हे बघायला मी कुणाला थांबवलं नव्हतं. टाळ्या वाजवून आम्ही जेवायला जायचो. या पोरानं बहुधा तेव्हा टाळी वाजवली नसावी.

नमाजच्या गटासाठी मी घरूनच कागदी ताटल्यांची पाच घड्याळं करून आणली होती. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. काटे पुठ्ठ्याचे, मधोमध टाचणी. भिंतीवर टांगली, समाधानानं मागं सरलो आणि पंखा लावला. टाचण्या सैल होत्या. काटे जरा लुटुलुटु हलले आणि मग सगळेच्या सगळे स्वतःच्या वजनानं खाली लोंबले. पाचही घड्याळांत साडेसहा वाजले आणि माझे बारा.

"असू दे," मी म्हणालो. "वेळा मी तोंडी सांगतो. मगरिब पावणेसात."

तिसऱ्या बाकावरची मुलगी उठली. तिची नानी हज करून आलेली, हे मला पुढच्या अर्ध्या तासात नीटच कळणार होतं. "सर, मगरिब सूर्य बुडाला की असते. रोज थोडी बदलते. सगळ्याच बदलतात."

मळ्यातनं येणारा एक जण म्हणाला, "म्हणजे आमच्या मोटारीच्या लाइटीगत. आज एक टायम, उद्या एक टायम."

"लाइटीचं आधी सांगता येत नाही," ती म्हणाली. "सूर्याचं येतं."

मी घड्याळं उतरवली.

जकातीच्या गटाकडं वळलो तर तिथं तक्ता पुरा झाला होता. मोठा ट्रक, आडवा बांबू, खाकीतला माणूस आणि वर पाटी, 'जकात नाका'. आमच्या गावात जकात कधीच बंद झालीय, पण एसटीच्या थांब्याचं नाव अजून तेच आहे. पोरांनी जन्मापासून ऐकलेला अर्थ रंगवला होता. चूक त्यांची नव्हती. शब्द मक्केहून निघाला आणि मराठीत येईपर्यंत नगरपालिकेच्या हाती लागला. मी समजावलं, की ही ट्रकवाल्याची जकात नव्हे. देणं-घेणं फेडून ज्याच्याकडं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त धन चांद्रवर्षभर साठून राहिलं, त्यानं त्यातला चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, गरजवंताला द्यायचा. "आता हे आपण डोळ्यांनी बघू," म्हणालो आणि चाळीस चिंचोके टेबलावर मांडून एक बाजूला काढायला सांगितला.

मोजले तर सदतीस भरले. तीन चिंचोके मागच्या बाकावर पटाच्या खेळात रुजू झाले होते. "सर, सदतिसावर किती बसते?" आता चिंचोक्याचे तुकडे करायची वेळ आली. दारावरून चाललेल्या गणिताच्या बाई न थांबताच म्हणाल्या, "शून्य पूर्णांक नऊशे पंचवीस." माझ्या मनात आलं, आपल्यावर किती बसेल? घराचा हप्ता, सोसायटीचं कर्ज, मुलाची फी वजा करून हिशेब घातला. मी घेणाऱ्यांच्या रांगेत निघालो.

हजचा भाग हा माझा हुकमाचा एक्का होता. सभागृहात उंच टेबलावर काब्याची प्रतिकृती आणि खाली फरशीवर गोलाकार चिकटवलेले लाल बाण. यात्रेकरू काब्याभोवती सात फेरे घालतात, त्याला तवाफ म्हणतात. ते दाखवायला कागदी यात्रेकरू. हे यात्रेकरू आदल्या दिवशी पोरांकडूनच करून घेतले होते. हजमध्ये पुरुष शिवण नसलेली दोन पांढरी वस्त्रं घालतात, राजा असो की रंक, हे सांगितलं होतं. पण पांढरे कपडे आणि पायी यात्रा म्हटल्यावर आमच्याकडच्या पोरांच्या हाताला एकच वळण ठाऊक. निम्म्या यात्रेकरूंच्या डोक्यावर टोपी होती आणि तिघांच्या खांद्यावर पताका.

"सर, इहराममध्ये पुरुषांचं डोकं उघडं असतं," नानीची नात म्हणाली. टोप्या कापल्या. पताका उतरवल्या.

"सर, दार एवढं खाली नसतं. जमिनीपासून बरंच वर असतं. नानीच्या खोलीतल्या फोटोत आहे." मी प्रतिकृतीकडं बघितलं. दोन मीटर वर असणारं दार मी थेट जमिनीला टेकवलं होतं. नुसतं टेकवलं नव्हतं, त्याला कमान आणि दोन्ही बाजूंना बुरूजही दिले होते. हाताला सवय किल्ल्याची. बुरूज काढले.

"आणि सर..." आता तिलाच माझी कीव यायला लागली होती. "बाण उलटे आहेत."

"उलटे कसे? देवाला घालतो तशी प्रदक्षिणा..." आणि मी तिथंच थांबलो. आपण प्रदक्षिणा घालतो ती देव उजव्या हाताला ठेवून. तवाफमध्ये काबा डाव्या हाताला असतो. माझे कागदी यात्रेकरू गावच्या मारुतीला निघाल्यासारखे फिरत होते. पीटीचे सर मदतीला आले, "अहो, मैदानावर चारशे मीटर पळतात ना, तीच दिशा." सोपं होतं. इतकं सोपं, की आधी कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

बाण फेव्हिकॉलनं चिकटवले होते. ते निघेनात. शेवटी पोरांनी प्रत्येक बाणाला दुसऱ्या टोकाला तोंड काढलं. आजही आमच्या सभागृहाच्या फरशीवर वीस दुतोंडी बाण गोल धरून बसलेले आहेत. स्नेहसंमेलनात नाचणारी पोरं त्यांच्याकडं बघून कुठल्या बाजूला वळायचं या विचारात पडतात.

मग वर्गात परतून चंद्र. चांदीच्या कागदाची दीड हात लांबीची कोर मी फळ्याच्या वर, पूर्वेच्या भिंतीला लावली होती. झेंड्यांवर असते तशी, इंग्रजी सी अक्षरासारखी. "ही बघा ईदची कोर," मी म्हणालो.

मळ्यातल्या पोरानं मान हलवली. "न्हाई सर. ह्यो अवसेच्या आधीचा. पहाटं उसाला पाणी पाजायला जाताना दिसतोय, उगवतीला."

"बरोबर," नानीची नात. "ईदचा मावळतीला दिसतो. दिवस बुडाल्यावर. जरासाच. आणि आडवा असतो, होडीसारखा."

वर्गात शांतता पसरली. दप्तराविना शनिवार म्हणून काही मुली नटून आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं काही न बोलता कपाळावरची चंद्रकोर टिकली काढली आणि तक्त्यावर, पश्चिमेच्या बाजूला, नेऊन चिकटवली. टोकं वर, पोट खाली. आमच्या अक्षांशावर बीजेची कोर दिसते ती साधारण तशीच. माझी दीड हाताची चांदी खोटी ठरली आणि दोन रुपयांची टिकली खरी.

तरी मी हटलो नाही. "चंद्रावरून आठवलं," म्हणालो, "यंदा पाडवा ३० मार्चला, आणि चंद्र दिसला तर ईद ३१ला. शेजारीशेजारी! दोघांचेही महिने चंद्राचे, म्हणून दरवर्षी असंच जुळणार." पोरांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. त्यानं बाईंचं लक्ष गेलं. त्या पुन्हा दारात. "सर, आपल्यात अधिक महिना येतो. त्यांच्यात येत नाही." मग त्यांनीच फळ्यावर मांडलं. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौरवर्षापेक्षा अकरा कमी. आपण सुमारे तीन वर्षांनी अधिक मास घालून गाडी रुळावर आणतो. हिजरी वर्ष तसं करत नाही, म्हणून रमजान दरवर्षी अकरा दिवस मागं सरकत उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळे ऋतू फिरून साधारण तेहेतीस वर्षांत जागेवर येतो. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ. तिथून पाडवा पुढं उडी मारणार आणि ईद मागं सरकत राहणार. ६२२ साली मुहंमद पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले तिथून ही हिजरी गणना सुरू झाली, एवढंच मी मधे घुसवलं. सनावळी हा एकच प्रांत माझ्या ताब्यात उरला होता.

साडेनऊ झाले असावेत. मी खजुराची पिशवी उघडली. "रोजा कशानं सोडतात? खजुरानं! आता आपण सगळ्यांनी चव घ्यायची." बाकाबाकावर फिरून मी हातानं वाटू लागलो. चाचांच्या नातवापाशी आलो. गप्प मुलगा, कधी पुढंपुढं करत नाही. त्यानं दोन्ही हातांनी खजूर घेतला आणि खिशात टाकला.

"अरे, खा की! लाजतोस काय? तुमच्यातलंच आहे!" हे मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, वर त्याची पाठ थोपटत म्हणालो. आयुष्यात माणूस बरीच वाक्यं बोलतो. त्यांतली काही परत घेण्यासाठी तो अर्धा पगार द्यायला तयार असतो.

"सर," त्याचा बाकावरचा सोबती म्हणाला, "त्याचा रोजा आहे."

"आज?"

"एकविसावा."

ज्यांचे खजूर हातात होते त्यांनी ते हळूच खाली ठेवले. ज्यांच्या तोंडात होते त्यांना चावावं की तसंच धरावं, कळेना. सदतीस पोरं गाल फुगवून माझ्याकडं बघत राहिली. पहाटे उजाडायच्या आधीपासून सूर्य बुडेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा घोट नाही. हे मी त्याच फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं. आणि लिहिताना माझ्या डोक्यात ते लोक म्हणजे कुठले तरी दूरचे, अरबस्तानातले. तिसऱ्या बाकावर कुणी असेल, हे मनातही आलं नव्हतं.

शेवटी तोच म्हणाला, "खावा रे. मला काय होत नाय." मग पोरांनी चावायला सुरुवात केली. एवढा हळू चावलेला खजूर मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या घशात मात्र दुसरंच काही अडकलं होतं. गेल्या मंगळवारी, शेवटच्या तासाला, हाच मुलगा जांभया देत होता. मी त्याला उभं केलं होतं. "रात्रभर मोबाईल बघतोस का रे? चेहरा बघ." तो काही बोलला नव्हता. पहाटे सहेरीला उठलेलं, मार्चच्या उन्हात दिवसभर पाणी न प्यालेलं पोर पुरंदरच्या तहाची कलमं ऐकत होतं. अशा वेळी मीही जांभया दिल्या असत्या. खरं सांगायचं तर पुरंदरच्या तहाला मी पोटभर जेवूनही देतो.

हेडसर पाहणीला आले तेव्हा पाच खांबांचा मंडप उभा होता. पाचवा बारीक खांब छपराला पुरत नव्हता, म्हणून मी त्याखाली पाचर म्हणून इतिहासाचं पुस्तक सरकवलं होतं. आमच्या विषयाचा कुणाला तरी आधार झाला, याचं मला बरं वाटलं. तेवढ्यात हेडसरांनी कौतुकानं थर्माकोलच्या छपराला हात लावला आणि ते सरळ माझ्या डोक्यावर आलं. खांब पाचही उभे राहिले. पडलं ते फक्त मी वरून लादलेलं.

"बरं, तक्ते दाखवा," हेडसर म्हणाले. चार दाखवले. जकातीचा ट्रक बघून ते जरा रेंगाळले. पाचवा रोजाच्या गटाचा. तो कोरा होता. पांढरा स्वच्छ कागद, खाली फक्त सहा जणांची नावं. त्यांत चाचांच्या नातवाचंही होतं.

"हे काय? तीन तास काय केलंत?" मी ओरडलो. सकाळपासूनचा सगळा राग काढायला मला बरं गिऱ्हाईक मिळालं होतं.

गटाची म्होरकी म्हणाली, "सर, लई विचार केला. आधी जेवणाचं ताट काढून फुली मारली, तर ते हॉटेल बंद असल्यागत दिसाय लागलं. मग उपाशी माणूस काढला, तर तो आजारी दिसाय लागला. मग ह्याला विचारलं."

"मग?"

नातू बुटाकडं बघत म्हणाला, "काय दिसत नसतंय, सर. न खाणं कसं काढायचं? कुणी बघत नसलं तरी पाणी प्यायचं नाही, एवढंच असतं ते."

संध्याकाळी मी चाचांच्या गाड्यावर गेलो. माफीचं एक वाक्य घोकून गेलो होतो, ते अर्ध्यात विसरलो. चाचा म्हणाले, "जाऊ द्या सर. पोरानं घरी सांगितलं. हसत होता." मी चिंचोक्यांची गोष्ट सांगितली, घड्याळांची सांगितली. तेही हसले. जकातीचा तक्ता ऐकून म्हणाले, "ट्रक काढला ते बरंच झालं. खरी काढायची म्हटली असती तर अवघड होतं. या हाताचं त्या हाताला कळू नये, अशी द्यायची असते. तिचं चित्र कसं येणार?" तेवढ्यात पलीकडच्या मशिदीतून अजान आली. पाच घड्याळांपैकी एकातही नसलेली ती वेळ बरोबर झाली होती. गाड्यामागं उभ्या असलेल्या नातवानं खिशातून सकाळचा खजूर काढला, त्याला चिकटलेला खडूचा चुरा फुंकरीनं उडवला आणि तोंडात घातला. माझ्या उपक्रमातली ती एकमेव गोष्ट वेळेवर पार पडली.

घरी येताना मी बोटांवर मोजत होतो. साक्ष मनातली, ती दिसत नाही. रोजा दिसत नाही. जकात दिसू नये अशीच द्यायची. पाचांतले तीन खांब न दिसणारे, आणि मी तीन तास ते पुठ्ठ्याच्या नळ्यांत उभे करत होतो.

आठ दिवसांनी पाडवा झाला, आमच्याकडून श्रीखंड गेलं. दुसऱ्या दिवशी ईद, तिकडून शीरखुर्मा आला. बायकोनं चंद्रकळेच्या काठावरची टाचण्यांची भोकं मोजली, ती सव्वीस निघाली. नोकरीच्या वर्षाला एक. त्या हिशेबानं मी अजून सुटलेलो नाही.

उपक्रमाचा अहवाल वर पाठवायचा होता, सोबत एक उत्कृष्ट छायाचित्र. मंडप कोसळलेला, चंद्र उलटा, बाण दुतोंडी. बराच विचार करून मी रोजाच्या गटाच्या तक्त्याचा फोटो काढला, अगदी सरळ, चांगल्या उजेडात, आणि पाठवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण काहीतरी नेमकं दाखवलं, असं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'फोटोत काही दिसत नाही. पुन्हा पाठवावा.'